जुन्या स्टुलांची पारख

बसण्याच्या साधनांत स्टूल हे सर्वांत साधे साधन होय. त्याला पाठ नसते, हात नसतात. एक फळी आणि तिला आधार देणारे तीन किंवा चार पाय एवढ्यावर त्याचे काम भागते. मराठी घरात या कुळातील वस्तूंना निरनिराळी नावे आहेत. जेवायला बसण्याचा पाट जमिनीपासून दोन-चार बोटेच उंच असतो. पूजेचा आणि मंगल कार्याचा चौरंग त्याहून उंच. तीन पायांची ती तिवई. आणि पाण्याच्या घागरी ठेवायची किंवा माळ्यावर हात पोचावा म्हणून वर चढायची ती घडवंची. या वस्तू एकेकाळी कामाच्या म्हणून घडविल्या गेल्या. आज त्यांना जुनेपणाचे मोल आले आहे आणि त्याबरोबर त्यांची नक्कल करण्याचा मोहही आला आहे.

जबलपूरजवळ, नर्मदेच्या खोऱ्यात वसलेल्या शहपुऱ्यासारख्या गावी अशी वस्तू तीन वाटांनी आलेली असू शकते. पहिली वाट गावच्या सुताराची. साग आणि साल ही या मुलखातील जंगलांची मुख्य झाडे. दुसरी मराठी घराण्यांची. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते, आणि त्या काळात व पुढे येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांबरोबर पाट-चौरंगही आले. तिसरी वाट लष्करी छावणीची व रेल्वेची. १८७० साली मुंबईकडून येणारा व कलकत्त्याकडून येणारा लोहमार्ग जबलपुरास जोडले गेले. शहपुऱ्याचे भिटोनी स्थानक याच मार्गावर आहे. स्टुलाखाली ‘जी. आय. पी.’ या रेल्वेची अक्षरे खरोखरीच जुनी कोरलेली असतील, तर ते १९५१ पूर्वीचे ठरते. कारण त्या वर्षी ती रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. मात्र अक्षरे कोरणे सोपे असते, म्हणून केवळ शिक्क्यावर विसंबू नये.

प्राचीन कशाला म्हणावे?

व्यापारी बोलीत ‘अँटिक’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. कायद्याची व्याख्या नेमकी आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार कला वा कारागिरी यांची साक्ष देणारी, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. त्याहून कमी वयाच्या, परंतु विशिष्ट काळाची छाप असलेल्या वस्तूस ‘व्हिंटेज’ म्हणतात. घरात वापरण्यासाठी दोन्ही सारख्याच चांगल्या असतात. फक्त एकीचे दाम दुसरीला मोजू नये.

वय कसे ओळखावे?

स्टूल प्रथम उलटे करावे. वरची बाजू सर्वजण पुसतात व रंगवितात. खालची बाजू क्वचितच कोणी बदलते. तेथील लाकूड वरच्यापेक्षा कोरडे, मळकट व असमान रंगाचे असणे स्वाभाविक आहे. खालीवर सर्वत्र एकच गडद छटा असेल, तर ती मुद्दाम चढविलेली आहे अशी शंका घ्यावी. गोलाकार खुणा यंत्रावर फिरणाऱ्या करवतीच्या असतात. सरळ खुणा मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हेत, कारण हाताने लाकूड कापण्याची पद्धत आपल्याकडे फार काळ चालू राहिली.

लाकडाचा स्वभावही साक्ष देतो. ते लांबीच्या दिशेने जवळजवळ आटत नाही, पण रेषांना आडव्या दिशेने आटते. म्हणून गोल स्टुलाची फळी खरोखर जुनी असल्यास ती किंचित लंबवर्तुळाकार झालेली असते. सुताच्या पट्टीने व्यास रेषांच्या दिशेने व त्यांना काटकोनात असा दोनदा मोजावा. थोडा फरक आढळल्यास तो वयाच्या बाजूचा पुरावा होय. कातलेल्या पायांनाही हाच नियम लागू पडतो.

झीज कोठे आहे हे पाहावे. माणूस जेथे पाय टेकतो त्या आडव्या दांड्याची वरची कड, पायांचे तळ आणि बसण्याच्या जागेचा पुढचा काठ यांवर ती दिसली पाहिजे. जेथे हात-पाय पोचत नाहीत तेथेही साखळीने मारल्यासारखे सारखे घाव असतील, तर ते बहुधा वर्षांचे नसून विक्रेत्याचे असतात. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० नंतरच्या दशकांत रूढ झाले. ते मूळ जागी असल्यास स्टूल त्याहून जुने नव्हे. पण जुने स्टूल नंतर दुरुस्त होऊ शकते, म्हणून एकाच स्क्रूवरून निर्णय देऊ नये.

किडा आणि तोल

लहान गोल भोके दिसल्यास स्टूल पांढऱ्या कागदावर ठेवून टिचक्या माराव्यात व दोन-तीन दिवस तसेच ठेवावे. कागदावर ताजी, फिकट भुकटी पडत राहिली तर कीड जिवंत असण्याचा संभव आहे. नसल्यास भोके जुनी असावीत. सागाचा गाभा किडीला दाद देत नाही, मात्र बाहेरचे फिकट लाकूड पोखरले जाऊ शकते. असे स्टूल घरातील इतर सामानाजवळ उपचार होईपर्यंत ठेवू नये.

तीन पायांचे स्टूल खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, कारण तीन टोके नेहमी एकाच पातळीत येतात. परंतु ते लवकर कलंडते. पाय मध्यापासून वीस सेंटीमीटरवर असतील, तर तीन पायांच्या बाबतीत भार एखाद्या कडेकडे सुमारे दहा सेंटीमीटर सरकताच तोल जातो. चार पायांत हेच अंतर सुमारे चौदा भरते. लहान मुलांच्या किंवा वृद्धांच्या वापरासाठी, आणि वर चढण्यासाठी, तिवई टाळावी.

उंचीचाही विचार व्हावा. मेजाची वरची पातळी व बसण्याची पातळी यांत २५ ते ३० सेंटीमीटर अंतर सोयीचे पडते. सुमारे ७५ सेंटीमीटर उंच मेजास ४५ सेंटीमीटरचे स्टूल योग्य, तर नव्वद सेंटीमीटरच्या स्वयंपाकाच्या ओट्यास सुमारे ६० ते ६५ सेंटीमीटरचे.

जतन

जुन्या स्टुलावर बहुधा लाखेची झिलई असते. ती स्पिरिटमध्ये विरघळते आणि पाण्याच्या ओल्या भांड्याने पांढरी पडते. अशा पृष्ठभागावर काचकागद घासणे ही सर्वांत महागडी चूक होय. धूळ काढून, कोरड्या मऊ कापडाने पुसून, पातळ मेण लावणे बहुधा पुरेसे ठरते. रंगविलेले जुने स्टूल घासताना अधिक सावध राहावे. घरगुती रंगांतील शिशाला भारतात ९० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांना विशेष घातक असते.

शेवटी, विकत घेण्यापूर्वी घरातील माळा व अडगळीची खोली एकदा पाहावी. आजीच्या काळची घडवंची अनेकदा बाजारातील नकलेपेक्षा बळकट निघते, आणि तिच्या वयाची ग्वाही घरातल्या आठवणी देतात. त्या आठवणी लिहून, तो कागद वस्तूबरोबर ठेवावा. पुढच्या पिढीला ती जळणासाठी काढण्यापासून वाचविण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.