जुन्या आवृत्तीची राखण

मार्च २०२४. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता आपल्या मशीनवर वेगाच्या अगदी बारीक चाचण्या घेत होता. अशा वेळी मशीन जितकं निवांत तितकं बरं. पण एसएसएच विनाकारण प्रोसेसर खात होतं. एसएसएच म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याचा दरवाजा. जगातल्या बहुतेक सर्व्हरना तो असतो. त्या दरवाजावर कुणी ना कुणी चुकीची नावं सांगून टकटक करतच असतं, त्यात नवल नाही. पण आता नुसता नकार द्यायलाही त्याला वेळ लागत होता. फ्रॉइंडने मोजून पाहिलं. पूर्वी ०.२९९ सेकंदात मिळणारा नकार आता ०.८०७ सेकंदात मिळत होता.

फरक अर्ध्या सेकंदाचा. तो त्याच्या मागे लागला आणि धागा ओढत ओढत एक्सझेड नावाच्या साधनापाशी पोचला. फायली दाबून लहान करणं एवढंच त्याचं काम. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन ताज्या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे काम करून प्रकल्पाचा विश्वास कमावला होता, आणि घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींत दडवला होता. २९ मार्चला फ्रॉइंडने हे जाहीर केलं. धोका मोजण्याच्या दहापैकी गुणांच्या पट्टीवर याला पूर्ण दहा मिळाले.

बातमी फुटल्यावर सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी घाईघाईने आपापल्या मशीनवरचा एक्सझेड तपासला. ज्यांच्याकडे डेबियन या लिनक्स प्रणालीची ‘स्टेबल’ शाखा होती, त्यांना आकडा दिसला ५.४.१. म्हणजे वर्षभराहून जुनी आवृत्ती. चोरदरवाजा तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

हे नशीब होतं का? थोडं होतंच. पण त्या जुन्या आकड्यामागे मुद्दाम घेतलेला एक निर्णय होता आणि तो निभावणारी शेकडो माणसं होती. संगणकाच्या जगात नव्याचं कौतुक इतकं होतं, की एखादी गोष्ट जिथल्या तिथे ठेवण्यासाठी केवढा खटाटोप करावा लागतो हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. मला स्वतःला हा खटाटोप संगणकविश्वातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतो.

मुळात नवी आवृत्ती आली की घ्यायची, यात अडचण काय? अडचण अशी, की कुठलंही सॉफ्टवेअर एकटं राहत नाही. ते दहा लायब्रऱ्यांवर, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, उभं असतं आणि त्या लायब्रऱ्या आणखी दहांवर. खालच्या थरातल्या एका लायब्ररीने एखाद्या फंक्शनचं वागणं जरासं बदललं, की वरच्या थरात कुणाचं तरी बिनसतं. कुणाचं, ते आधी सांगता येत नाही. एक्सझेडचंच पाहा. एसएसएचच्या मूळ प्रोग्रामला एक्सझेडची गरजच नाही. डेबियन आणि इतर काही प्रणालींनी सिस्टिमडीला (मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) ‘मी सुरू झालो’ असा निरोप देता यावा म्हणून एसएसएचमध्ये छोटी भर घातली होती; त्यासाठी सिस्टिमडीची लायब्ररी आली आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेडची. फायली दाबणारं साधन असं फिरून फिरून थेट दरवाजाच्या कुलपाशी येऊन बसलं. २०२३च्या जूनमध्ये आलेल्या ‘बुकवर्म’ या डेबियन आवृत्तीत अशी ६४,४१९ पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे बांधलेले गठ्ठे, आहेत. त्यांचे परस्परसंबंध कुणाही एका माणसाच्या डोक्यात मावणं शक्य नाही.

यावर डेबियनने काढलेला उपाय साधा आहे आणि म्हणूनच विलक्षण. इयन मरडॉकने १९९३मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात. त्या चित्रपटात शेजारच्या घरातला सिड नावाचा मुलगा खेळणी मोडत असतो. डेबियनच्या अस्थिर शाखेचं नाव कायमचं ‘सिड’ आहे. नवं पॅकेज आधी सिडमध्ये येतं. तिथे ते साधारण दोन ते दहा दिवस राहतं. तेवढ्यात कुणी गंभीर दोष नोंदवला नाही, वेगवेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर ते नीट बांधलं गेलं आणि त्याच्यामुळे दुसरं काही मोडलं नाही, तरच ते पुढच्या ‘टेस्टिंग’ शाखेत जातं. मग साधारण दोन वर्षांनी एक दिवस ठरतो आणि टेस्टिंग गोठवायला सुरुवात होते.

बुकवर्मच्या वेळी गोठवण्याची पहिली पायरी आली १२ जानेवारी २०२३ला: मोठ्या लायब्रऱ्यांतले उलथापालथ करणारे बदल बंद. १२ फेब्रुवारीला दुसरी पायरी, आता नवी पॅकेजेसही बंद. १२ मार्चला तिसरी. २४ मेला पूर्ण बंदी. यानंतर प्रत्येक बदलासाठी प्रकाशन-गटाची परवानगी, तीही नेमका बदल दाखवून. १० जूनला आवृत्ती ‘स्टेबल’ म्हणून बाहेर पडली. या पाच महिन्यांत जगभरचे स्वयंसेवक नवं जोडण्यापेक्षा होतं ते नीट करत होते. अनुवादकांनाही याच काळाचा आधार असतो. डेबियन बसवताना भाषा निवडायच्या यादीत मराठी आहे. पडद्यावरचा मजकूर रोज बदलत राहिला असता, तर ते काम कधी हातावेगळंच झालं नसतं.

पावसाळ्यात गढूळ पाणी घागरीत निवळायला ठेवतात, तसंच हे आहे. फरक एवढाच, की पाणी आपोआप निवळतं. इथे गाळ हाताने वेचावा लागतो.

आता खरा प्रश्न. आवृत्ती गोठवली, पण चोर काही गोठत नाहीत. वर्षाने तिच्यात भोक सापडलं तर? नवी आवृत्ती घेतली तर स्थैर्य गेलं, नाही घेतली तर सुरक्षा गेली. या पेचातून निघण्याची वाट मी पहिल्यांदा समजून घेतली, तेव्हा थक्क झालो होतो. ती जवळून पाहण्यासारखी आहे.

७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत तो मार्च २०१२पासून होता. सर्व्हरच्या स्मरणातला मजकूर, प्रसंगी पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही, बाहेरच्याला वाचता येत होत्या. ओपनएसएसएलने दुरुस्त आवृत्ती काढली, १.०.१जी. तेव्हाच्या डेबियन स्टेबलमध्ये होती १.०.१ई. डेबियनने ‘जी’ घेतली नाही. ‘जी’मधून फक्त हा दोष बुजवणाऱ्या ओळी उचलल्या आणि त्या जुन्या ‘ई’मध्ये बसवल्या. पॅकेजचा आवृत्ती-क्रमांक झाला १.०.१ई-२+डेब७यू५. सुरुवातीचा आकडा जुनाच, शेपटी नवी. त्या शेपटीतला ‘यू५’ सांगतो, की डेबियन ७मधल्या या पॅकेजची ही पाचवी डागडुजी. बाकी सगळं जिथल्या तिथे. निव्वळ सुरुवातीचा आकडा वाचणारी तपासणी-साधनं अशा मशीनला आजही असुरक्षित ठरवतात आणि सर्व्हरवाल्यांना खुलासे देत बसावं लागतं.

याच प्रसंगात आणखी एक गोष्ट घडली. डेबियनच्या त्याहून जुन्या, सहाव्या आवृत्तीत ओपनएसएसएलची ०.९.८ मालिका होती. हार्टब्लीडचा दोष ज्या सुविधेत होता, ती सुविधाच त्या मालिकेत नव्हती. जुने सर्व्हर जुनेपणामुळेच वाचले.

पण जुन्यात हात घालून शिवण घालणं हे जोखमीचं काम आहे, आणि डेबियनने त्याची जबर किंमत मोजलेली आहे. २००६च्या सप्टेंबरमध्ये ओपनएसएसएलच्या डेबियन पॅकेजमधून दोन ओळी निष्क्रिय केल्या गेल्या, कारण व्हॅलग्राइंड हे तपासणी-साधन त्यांच्याबद्दल तक्रार करत होतं. त्यातली एक ओळ यादृच्छिकता गोळा करण्याची होती. ती गेल्यावर किल्ली कशी तयार होईल हे जवळजवळ फक्त प्रोसेसच्या क्रमांकावर ठरू लागलं. म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर एका लांबीच्या किल्लीसाठी सुमारे ३२ हजार शक्यता, सहज वाचून संपतील एवढ्या. १३ मे २००८ रोजी हे जाहीर होईपर्यंत ते पॅकेज स्टेबलमध्ये वर्षभर नांदत होतं. लुसियानो बेलो या डेबियनच्याच विकासकाने ते शोधलं. एक्सझेडच्या वेळी फ्रॉइंडला ज्या खुणांनी सावध केलं, त्यात याच व्हॅलग्राइंडच्या तक्रारी होत्या. एका वेळी त्या गप्प करून घात झाला, दुसऱ्या वेळी त्या लक्षात ठेवून बचाव.

आणि दुरुस्तीच न घेता नुसतं थांबून राहिलं तर काय होतं, ते २०१७मध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला विंडोजमधला एक दोष बुजवणारी दुरुस्ती दिली. १२ मेला त्याच दोषातून वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम पसरला. दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक अडकले, ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. दोन महिने दुरुस्ती दाराशी पडून होती. थांबवायची असते ती नवी वैशिष्ट्यं, दुरुस्ती नव्हे. स्टेबल शाखेचा सगळा अर्थ या फरकात आहे.

फ्रॉइंडच्या गोष्टीतला एक तपशील मी मागे ठेवला होता. तो अर्धा सेकंद त्याला सापडला तो डेबियन सिडवर. खेळणी मोडणाऱ्या मुलाच्या शाखेत. कुणीतरी ताजी आवृत्ती आपल्या मशीनवर घेतली, तिच्यासोबत दिवस काढले, तिचं खटकणं मनावर घेतलं, म्हणून स्टेबलवर बसलेल्या लाखो सर्व्हरच्या वाट्याला तो चोरदरवाजा आला नाही. हल्लेखोरांनाही वेळेचं महत्त्व ठाऊक होतं: डेबियनने ५.६.१ लवकर घ्यावी, म्हणून एका बनावट वाटणाऱ्या नावाने डेबियनकडे मागणीही नोंदवली गेली होती. थांबणाऱ्यांचं स्थैर्य हे पुढे चालणाऱ्यांनी मिळवून दिलेलं आहे. सगळेच थांबले तर दोष टळणार नाहीत, फक्त उशिरा बाहेर येतील.

तुमच्या हाताखाली एखादा सर्व्हर असेल, तर याचा थेट उपयोग आहे. स्टेबल शाखेवर राहणं वेगळं आणि एखादं पॅकेज ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ या डेबियनच्या आज्ञेने जागीच खिळवणं वेगळं. पहिल्यात दुरुस्त्या येत राहतात. दुसऱ्यात त्याही अडतात, कारण होल्डला वैशिष्ट्य आणि दुरुस्ती यांतला फरक कळत नाही. डेटाबेस किंवा ड्रायव्हर होल्डवर टाकण्याची खरीखुरी कारणं असतात, आणि ती असतील तेव्हा जरूर टाका. पण बहुतेक होल्ड कुठल्यातरी रात्री घाईत लावलेले असतात, आणि लावणारा नोकरी बदलून गेल्यावरही ते तसेच राहतात. तेव्हा आजच ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ ही आज्ञा चालवून पाहा. यादीत जी नावं येतील, त्या प्रत्येकापुढे ते का थांबवलं, कुणी थांबवलं आणि पुन्हा कधी तपासायचं हे लिहून ठेवा. ज्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही, ते चाचणीच्या मशीनवर आधी मोकळं करून पाहा, आणि नीट चाललं तर खऱ्या सर्व्हरवरही.