अनुशेषाचा हिशेब : निधी मिळाला म्हणजे पाणी मिळाले का?

यवतमाळ : विदर्भाच्या विकासाची चर्चा 'अनुशेष' या शब्दापाशी सुरू होते. मात्र हा अनुशेष कसा मोजला जातो आणि तो भरून काढण्यासाठी निधी कोणत्या मार्गाने येतो, याची माहिती सर्वसामान्यांना क्वचितच असते. कापूस पिकविणाऱ्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर शेतीचे भवितव्यच या हिशेबाशी निगडित आहे.

एखाद्या क्षेत्रात जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा जेवढा मागे, तेवढा त्याचा अनुशेष, ही पद्धत प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये रूढ केली. राज्याचा एकूण अनुशेष त्या वेळी ३,१८६.७८ कोटी रुपये ठरला. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटी, म्हणजे सुमारे ३९ टक्के होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती गृहीत धरून १४,००६.७७ कोटींचा अनुशेष निश्चित केला. त्यात विदर्भाचे ६,६२४.०२ कोटी होते. रकमेतील वाढ अंशतः महागाईमुळे झाली असे मानले, तरी विदर्भाचा वाटा ४७ टक्क्यांवर गेला, हे नजरेआड करता येत नाही.

मंडळाचे अधिकार

राज्यघटनेच्या कलम ३७१(२) अन्वये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. धरणे वा रस्ते बांधणे हे मंडळाचे काम नव्हते. विकासाची पातळी तपासून मंडळाने शिफारस करायची, राज्यपालांनी निधीच्या समन्याय्य वाटपाचे निर्देश द्यायचे आणि प्रत्यक्ष खर्च शासनाच्या खात्यांनी करायचा, अशी ही रचना होती.

खरी मेख येथेच आहे. ठरलेली रक्कम वितरित झाली की आर्थिक अनुशेष संपतो. भौतिक अनुशेष मात्र प्रत्यक्ष ओलिताखाली आलेल्या हेक्टरांवरच मोजावा लागतो. काम रेंगाळले की प्रकल्पाची किंमत वाढते आणि त्याच पैशांत कमी क्षेत्र भिजते. बाभुळगाव तालुक्यातील बेंबळासारख्या प्रकल्पात धरण भरले, तरी कालवे, वितरिका आणि शेतचाऱ्या पूर्ण झाल्याशिवाय पाणी कपाशीपर्यंत पोहोचत नाही.

तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी जुलै २००६ मध्ये यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातही सर्वांत मोठी तरतूद सिंचनासाठीच होती. निदान तेच होते आणि अंमलबजावणीची कसोटीही तीच.

मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. मात्र मंडळ असो वा नसो, किती कोटी दिले यासोबत किती हेक्टर भिजले, हा आकडा दरवर्षी जनतेपुढे येणे अगत्याचे आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेखी अनुशेषाचा अर्थ तेवढाच आहे.