वाढवणारं संप्रेरक वाळवतं कसं?

पोरांनो, संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कुठंही जा, दिवस उजाडला की दूध संकलन केंद्रावर कॅन येऊन उभे राहतात. त्या दुधामागं केवढी उलाढाल चालते, ते आज सांगतो. तुम्ही विचारलंत ना, महिन्यापूर्वी व्यालेली गाय मुरघास खाते, पेंड खाते, तरी तिच्या बरगड्या का दिसायला लागल्या? त्याचंच उत्तर यात आहे.

आपल्याकडच्या दुधाळ गायी बहुतेक संकरित. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं तर होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी आणि गीर अशा तिघींचा मेळ घालून 'फुले त्रिवेणी' गाय घडवली. अशी गाय दिवसाला वीस लिटर दूध देऊ लागली की त्यातून जवळजवळ एक किलो दुग्धशर्करा रोज बाहेर जाते. आणि नवल असं की, गायीला चाऱ्यातून आयती साखर फारशी मिळतच नाही. कोटीपोटातले सूक्ष्मजीव ती आधीच फस्त करतात आणि आम्लं तयार करतात. त्यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून गायीचं यकृत नवी साखर बनवतं.

व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत दूध शिगेला पोचतं. भूक मात्र त्यानंतर काही आठवड्यांनी पुरती खुलते. मधल्या दिवसांत जमा कमी आणि खर्च जास्त. ही तूट भरून काढायला गाय अंगावरची चरबी मोडते.

चरबीची पेशी ही कणगी समजा. आकार साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा, आणि आत तेलाचा एकच मोठा थेंब. भाकड काळात खाल्लेलं जास्तीचं अन्न तिथं साठतं. इन्सुलिन ही कणगी भरायला लावतं. तिचं तोंड उघडायला मदत करणारं संप्रेरक मेंदूच्या बुडाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतं. त्याचं नाव वाढ संप्रेरक.

"आजोबा, वाढवणारं संप्रेरक वाळवतं कसं?" बरोबर विचारलंत. या संप्रेरकाची कामं दोन. पोटात अन्न असलं की ते यकृताकडून 'आयजीएफ-१' नावाचा वाढघटक तयार करून घेतं, आणि त्यानं हाडं, स्नायू वाढतात. हा घटक रक्तात पुरेसा झाला की पीयूषिका हात आवरते. व्यालेल्या दुधाळ गायीत मात्र यकृत या संप्रेरकाला पुरती दाद देत नाही. आयजीएफ-१ घटतो, पीयूषिकेवरचा लगाम सैल होतो आणि रक्तात वाढ संप्रेरक चढतं.

मग त्याचं दुसरं काम सुरू होतं. चरबीच्या पेशीवर इन्सुलिनचा अंमल ढिला पडतो, नवी चरबी साठणं थांबतं, आणि साठलेली चरबी फुटून तिची आम्लं रक्तात उतरतात. स्नायू त्यांवर भागवून घेतात, म्हणजे साखर वाचते. ती कासेकडे जाते, कारण साखर उचलायला कासेला इन्सुलिनची गरज पडत नाही. काही चरबी तर थेट दुधाच्या सायीत उतरते. वासरासाठी आई अंगावरचं देते म्हणतात, ते असं अक्षरशः खरं आहे.

हे माणसाला कळलं कसं? १९३७ साली सोव्हिएत रशियात असिमोव्ह आणि क्रूझे यांनी शेकडो गायींना पीयूषिकेचा अर्क टोचला, आणि दूध वाढलं. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियात चो हाव ली आणि हर्बर्ट इव्हान्स यांनी बैलांच्या पीयूषिकेतून हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळं काढलं.

तुमच्या अंगातही हेच चालतं. माणूस उपाशी राहिला की वाढ संप्रेरक चढतं आणि आयजीएफ-१ उतरतो. वाढ थांबते, चरबी जळते, स्नायू मोडायचे वाचतात. ज्या मुलांच्या शरीरात हे संप्रेरक कमी बनतं, ती बुटकी राहतात आणि त्यांच्या पोटावर चरबी साठते. तुमच्यात ते सगळ्यात जोरानं सुटतं ते रात्री, पहिल्या गाढ झोपेत. म्हणून वेळेवर झोपा म्हणतो.

पण उलाढालीला मर्यादा आहे. चरबीचा लोंढा फार मोठा झाला तर यकृतातच चरबी साचते, रक्तात कीटोन वाढतात आणि कितनबाधा होते. गाय आधी पेंड सोडते, श्वासाला गोडसर वास येतो, दूध घटतं. व्याताना लठ्ठ असलेल्या गायीला हा धोका जास्त, कारण तिची भूक मंद असते आणि मोडायला चरबी मात्र भरपूर.

तेव्हा पोरांनो, गोठ्यात जाल तेव्हा नुसती कास बघू नका, पाठ आणि बरगड्याही बघा. भाकड काळात गाय लठ्ठ होऊ देऊ नका आणि हडकूही देऊ नका. व्याल्यावर खुराक एकदम न वाढवता हळूहळू वाढवा, चांगला चारा आणि पाणी सतत पुढ्यात ठेवा. पेंड सोडली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. आईचं शरीर आपला वाटा चोख देतं. तिच्या दुधावर आपलं घर चालतं, तेव्हा उरलेला वाटा आपण उचलायचा.