गिरण्या गेल्या, मनोरे आले : व्यापाऱ्यांनी यातून काय शिकावे?

आमचे वडील कापडाचा ताका गिऱ्हाइकासमोर उलगडताना सर्वांत आधी त्याच्या टोकावरचा छाप दाखवीत. मुंबईच्या कोणत्या गिरणीचा माल आहे हे छापावरून कळे आणि मग भावात फारशी घासाघीस होत नसे. हिंगोलीच्या बाजारात तो छाप म्हणजे जामीनच होता. आज त्यांतल्या बहुतेक गिरण्या उरलेल्या नाहीत. त्यांच्या जागेवर काचेचे मनोरे उभे आहेत आणि तिथल्या एका फ्लॅटच्या किमतीत आपल्याकडची कितीतरी दुकाने येतील.

१९९१ च्या सुमारास मी वडिलांबरोबर माल भरायला मुंबईला गेलो होतो. काळबादेवीच्या मुळजी जेठा मार्केटमधील काम आटोपून आम्ही लोकलने निघालो. लोअर परळ येताच वडिलांनी खिडकीतून चिमण्या दाखविल्या. म्हणाले, "बेटा, मोज बघू, धूर कितींमधून निघतोय?" मला मोजायला फार वेळ लागला नाही.

संप आणि त्यानंतर

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली. १८५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झाले. पुढे भायखळ्यापासून परळ-वरळीपर्यंत गिरणगाव वसले. कोकण-देशावरून आलेल्या मराठी कामगारांबरोबर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मुस्लिम विणकरही तिथे मोठ्या संख्येने होते. मदनपुरा, मोमिनपुरा या वस्त्या त्यांच्याच हुनरावर उभ्या राहिल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप रीतसर मिटलाच नाही. दरम्यान भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी बाजार भरून काढला. आमच्या फळीवरही हाच माल आला. गिऱ्हाइकाने छाप विचारणे हळूहळू सोडून दिले. हकीकत अशी की, कापडाचा धंदा बुडाला नाही, तो गिरणीतून उठून दुसरीकडे गेला.

जमीन कापडापेक्षा महाग झाली

मागे राहिली ती जमीन. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये हा नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीचीच करायची, इमारती असलेली जमीन त्यात धरायची नाही, असे ठरले. साहजिकच शहराचा वाटा फार आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला.

आता आकडे पाहा. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडून डीएलएफने ७०२ कोटींना घेतली. २०१२ मध्ये तीच जमीन लोढा समूहाने सुमारे २,७०० कोटींना विकत घेतली. मधल्या सात वर्षांत तिथे एक मीटर कापड विणले गेले नाही, तरी किंमत जवळजवळ चौपट झाली. श्रीनिवास मिलच्या जागेवर तर २८० मीटर उंचीचा वर्ल्ड वन हा निवासी मनोरा उभा राहिला. आणि कामगार? २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची सोडत काढली, तेव्हा अर्ज सुमारे दीड लाख होते.

न्यूयॉर्कची पेढी

हे फक्त मुंबईत घडले असे नाही. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एक नंबरची पन्नास मजली इमारत १९३१ मध्ये आयर्विंग ट्रस्ट या बँकेसाठी पुरी झाली. तिच्या तळमजल्याच्या दालनात लाल-सोनेरी काचतुकड्यांची नक्षी आहे. १९८८ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. २०१४ मध्ये इमारत विकली गेली आणि आत ५६६ आलिशान फ्लॅट काढण्यात आले. २०२५ मध्ये त्या लाल दालनात फ्रान्सच्या एका प्रसिद्ध दुकानाने पादत्राणे मांडली. फरक इतकाच की, तिथे इमारत राखली आणि कारागिरांची नक्षी वाचली. मुंबईत बहुतेक ठिकाणी गिरणी पाडली आणि आठवणीपुरती एखादी चिमणी ठेवली.

आपल्या मराठवाड्यानेही बँक जाताना पाहिली आहे. निजामाच्या काळात १९४१ मध्ये सुरू झालेली हैदराबाद बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. जिथे आपल्या वाडवडिलांनी खाती उघडली, तिथली पाटी बदलली. पेढी असो की गिरणी, कायमची कोणतीच नाही.

आपल्या गल्लीचे काय?

आता हेच वारे जिल्ह्याच्या गावांपर्यंत आले आहे. जुनी दुकाने, वखारी, जिनिंगच्या जागा यांना विचारणा होऊ लागली आहे. जागा विकणे वाईट नाही. परंतु विकण्यापूर्वी काही गोष्टी पक्क्या कराव्यात.

पहिली, मिळकत पत्रिकेवर सर्व वारसांची नावे लागलेली असावीत, बहिणींचीसुद्धा. बहिणीचा हिस्सा डावलून झालेला सौदा पुढे कोर्टात अडकतो आणि घरातील बरकतही जाते. दुसरी, बदल्यात गाळा मिळणार असेल तर त्याचे क्षेत्रफळ, मजला, मुदत आणि तोवरचे भाडे नोंदणीकृत करारात लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर कुलूप काढू नये. तिसरी, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठांहून अधिक गाळे असतील, तर प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे की नाही, हे पाहावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या ओट्यावर वर्षानुवर्षे बसणारा शिंपी, रफूगार, गादीवाला यांचे काय? मालकाला मोबदला मिळतो, कारागिराला सामान उचलावे लागते. त्याने भाड्याच्या पावत्या जपाव्यात आणि मालकाने करारात त्याच्या जागेची ओळ घालावी. गिऱ्हाईक दुकानात येते ते केवळ आपल्या मालासाठी नाही, शेजारच्या शिलाईसाठीही येते.

वडील गेले, दुकान आहे. गेल्या वर्षी आमच्याकडेही विचारणा झाली. आम्ही भावंडे एकत्र बसलो, बहिणींनाही बोलावले. निर्णय अजून झालेला नाही. पण ओट्यावर तीस वर्षे मशीन चालविणाऱ्या शिंपीचाचांना त्या बैठकीत आम्ही बसवून घेतले होते. मुंबईत अडीच लाखांना कोणी बैठकीला बोलावले नव्हते.