खिडकीतून दिसणारी लय

‘केमिकल ब्रदर्स’ हे नाव ऐकून कोणालाही वाटेल, की ही रसायनशास्त्र जाणणाऱ्या दोन भावांची जोडी असावी. प्रत्यक्षात टॉम रोलंड्स आणि एड सायमन्स हे भाऊ नाहीत, आणि शिकले ते इतिहास! १९८९ साली इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात त्यांची गाठ पडली आणि पुढे दोघांनी मिळून नाचासाठी संगीत तयार करायला सुरुवात केली. त्यांच्या संगीतप्रकाराला ‘बिग बीट’ म्हणतात. जुन्या ध्वनिमुद्रिकांमधील ड्रमवादनाचे छोटे तुकडे घ्यायचे, ते पुन्हा पुन्हा वाजतील असे जोडायचे आणि त्यांवर सिंथेसायझरच्या स्वरांचे थर चढवायचे, ही त्याची ढोबळ कृती. ‘ब्लॉक रॉकिन बीट्स’ या त्यांच्या रचनेला १९९८ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

या संगीतावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: “तेच तेच तर वाजते! यात रचना कसली? हा नुसता यंत्राचा धडधडाट.” प्रस्तुत लेखकाला हे संगीत मनापासून आवडते; पण आवडनिवड बाजूला ठेवून, या आक्षेपाचा विचार भौतिकशास्त्राच्या मदतीने करता येतो का ते पाहू या.

त्यासाठी या जोडीच्या ‘स्टार गिटार’ या रचनेची २००२ सालची चित्रफीत फार उपयोगी आहे. ती मिशेल गाँद्री या फ्रेंच दिग्दर्शकाने केली. तीत गायक नाहीत, नर्तक नाहीत. धावत्या आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा देखावा, एवढेच काय ते दृश्य! फ्रान्समधील नीम आणि व्हालाँस या शहरांदरम्यानच्या प्रवासात त्याचे चित्रण केले होते. पहिला अर्धा मिनिट वाटते, की यात काहीच घडत नाही. मग एकदम ध्यानात येते, की ठोका पडतो त्याच क्षणी एखादी वस्तू खिडकीसमोरून सरकते. तोच आवाज पुन्हा आला की तीच वस्तू पुन्हा येते. नवा आवाज मिसळला की देखाव्यात नवी वस्तू हजर!

यामागचे गणित सोपे आहे. समजा, संगीतात मिनिटाला १२० ठोके पडतात. म्हणजे वारंवारता झाली सेकंदाला २. गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर धरू. प्रत्येक ठोक्याला एक खांब दिसायचा असेल, तर दोन खांबांमधले अंतर किती हवे? वेगाला वारंवारतेने भागा: २० ÷ २ = १० मीटर. तरंगांच्या धड्यात तरंगलांबी काढण्याचे जे सूत्र तुम्ही शिकता, तेच हे सूत्र. लय दुप्पट करायची, तर खांब ५ मीटरवर हवेत. काळातली लय अशी जमिनीवर अंतरांच्या रूपाने मांडता येते.

पण खऱ्या लोहमार्गावर विजेच्या तारांचे खांब इतके जवळ नसतात. ते साधारण ६० मीटरवर आहेत असे धरले, तर सेकंदाला दोन खांब दिसण्यासाठी गाडी ताशी ४३२ किलोमीटर वेगाने पळवावी लागेल! म्हणूनच गाँद्रीने चित्रित केलेल्या दृश्यांचे तुकडे संगणकावर हवे तसे जोडले. त्याआधी त्याने रचनेतील प्रत्येक आवाजाची जागा आलेख कागदावर आखली आणि संत्री, काटे-चमचे, पुस्तके, पेले असल्या घरगुती वस्तू मांडून देखाव्याचा नमुना करून पाहिला.

खिडकीची आणखी एक गंमत आहे. ५ मीटरवरचा खांब झटकन निघून जातो, तर ५०० मीटरवरचे झाड रेंगाळते. दोन्ही अगदी समोर असताना, शंभरपट दूरच्या झाडाचा कोनीय वेग खांबाच्या शंभरावा हिस्सा असतो. या संगीताचे थरही असेच असतात. काही ठोके झरझर येतात, तर त्यांच्यामागे एखादा लांबलचक स्वर सावकाश बदलत राहतो.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. तबल्यावर तीनतालाचा सोळा मात्रांचा ठेका पुन्हा पुन्हा वाजतो, त्याला आपण ‘तेच तेच’ म्हणत नाही. ठेका कायम असतो म्हणून तर समेची वाट पाहता येते. आवर्तन जितके पक्के, तितका त्यातला लहानसा बदलही कानाला चटकन जाणवतो. केमिकल ब्रदर्स यांचे कसब या बदलांत आहे. आणि चित्रफितीत ते डोळ्यांनाही दिसते.

पुढच्या वेळी विजेवरच्या आगगाडीने प्रवास कराल तेव्हा एक प्रयोग करा. मार्गालगतच्या खांबांवर किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो. तो बदलल्यापासून पुन्हा बदलेपर्यंत किती खांब गेले ते मोजा आणि तेवढा वेळ घड्याळात पाहा. त्यावरून खांबांमधले सरासरी अंतर, त्यांची वारंवारता आणि गाडीचा वेग, तिन्ही काढा. वेग कायम असेल, तर प्रत्येक खांबाला मांडीवर एक टाळी द्या. लय आपोआप सापडेल. हात मात्र खिडकीच्या आतच ठेवा!