गुडघ्याचा अस्थिबंध : शस्त्रक्रियेनंतरचे महिने

कबड्डीत पाय पिरगळून वा दुचाकीवरून पडून गुडघ्याचा पुढील अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, पूर्णतः तुटल्यास तो सहसा आपोआप सांधत नाही. अशा वेळी बहुधा रुग्णाच्याच मांडीमागील स्नायूची कंडरा दुर्बिणीद्वारे त्या जागी बसविली जाते. प्रारंभी तिला रक्तपुरवठा नसतो. साधारणतः ६ ते १२ आठवड्यांच्या काळात ती सर्वाधिक दुर्बळ असते, आणि नेमक्या त्याच सुमारास गुडघा दुखेनासा होतो. आपल्या भागातील रुग्ण मग सोयाबीनच्या पेरणीस वा मैदानावर निघतो. कुटुंबीयांनी त्यास थोपवावे; व्यायाम मात्र चुकू देऊ नये. खेळाकडे परतण्यास किमान ९ महिने हवेत.

शस्त्रक्रियेसाठी देणगी सहज मिळते. रिसोड-मानोऱ्याहून फिजिओथेरपीसाठी वाशिमला येण्याच्या एस.टी. भाड्यासाठी, हिशेब पाहणाऱ्याचा अनुभव सांगतो, क्वचितच.