वाडीतील हिवाळी कामे

घरालगतच्या किंवा घरापासून हाकेच्या अंतरावरील लहान जमिनीत थोडी फळझाडे लावून त्यांच्या सोबतीने कोंबड्या बाळगणाऱ्या कुटुंबास पावसाळा सरल्यापासून शिमग्यापर्यंत करावी लागणारी कामे. अशा जमिनीस उत्तर कोकणात ‘वाडी’ म्हणतात. (लहान वस्ती या अर्थीही हाच शब्द रूढ आहे, तो येथे अभिप्रेत नाही.) प्रस्तुत नोंदीत ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील वाड्यांचा विचार केला आहे.

या तीन गावांची स्थिती सारखी नाही. उल्हासनगर हे १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसविलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून वाढलेले दाट वस्तीचे शहर असून वाडीवाल्यांच्या दृष्टीने ते मुख्यतः बाजारपेठ होय. अकराव्या शतकातील शिवमंदिरामुळे प्रसिद्ध असलेले अंबरनाथ विसाव्या शतकात कारखान्यांचे गाव झाले. वाड्या आढळतात त्या बहुतांशी बदलापूरच्या आसपास, उल्हास नदीकाठच्या गावांत, बारवी धरणाकडील भागात आणि रेल्वेमार्गाने पुढे वांगणीच्या बाजूस. आंबा, जांभूळ, फणस, चिकू, नारळ, पेरू व लिंबू ही येथील नेहमीची झाडे होत.

थंड देशांत हिवाळी कामांचा रोख झाडे व पक्षी यांना गारठ्यापासून वाचविण्यावर असतो. या भागात हिमतुषार पडत नाहीत. मुंबईच्या मानाने येथील रात्री बऱ्याच थंड असल्या, तरी पारा १०° से.च्या खाली क्वचितच उतरतो. पाऊस मात्र जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर जमीन झपाट्याने सुकू लागते. त्यामुळे कोणाला काय द्यावे आणि कोणापासून काय आवरून धरावे, हा येथील हिवाळ्याचा खरा प्रश्न असतो. आंब्याला या दिवसांत कोरडी विश्रांती हवी असते. त्याच अंगणातील कोंबडीला जादा उजेड व जादा दाणा लागतो. एकाचे हित साधताना दुसऱ्याचे बिघडू न देणे, यातच वाडीवाल्याचे कसब असते आणि वर्षाची आमदानी पुष्कळशी त्यावरच ठरते.

फळझाडे : आंब्याचा मोहोर पूर्ण पक्व झालेल्या डहाळ्यांच्या टोकांवर येतो. मुळांशी ओल कमी होऊन रात्रीचे तापमान काही आठवडे सु. १५° से. किंवा त्याहून खाली राहिले, की टोकाच्या डोळ्यातून पालवीऐवजी मोहोर निघतो. उलट हवा उबदार राहिली, जमिनीत ओल असली व नायट्रोजन भरपूर मिळाला, तर झाड पालवीकडे वळते. म्हणून मोठ्या, फळत्या आंब्याचे पाणी पावसाळ्यानंतर बंद ठेवतात. याला ‘ताण देणे’ म्हणतात. मोठ्या बागेत हे सहज साधते. घरालगतच्या वाडीत मात्र न्हाणीचे व भांडी घासण्याचे पाणी बहुधा आंब्याच्याच बुंध्याशी सोडलेले असते, किंवा सावली व ओल पाहून त्याच्या आळ्यात मेथी, मुळा, कोथिंबीर यांचे वाफे केलेले असतात. दरवर्षी पालवीच फुटते, मोहोर दिसत नाही, अशी ज्या झाडाची तक्रार असते त्याच्या बाबतीत प्रथम न्हाणीचा पाट कोठे जातो ते पाहावे. हा पाट ऑक्टोबरमध्येच नारळ, केळी किंवा लिंबू यांच्याकडे वळविणे हे वाडीतील पहिले हिवाळी काम होय. या झाडांना हिवाळ्यातही पाणी लागते. आंब्याच्या तीन-चार वर्षांपर्यंतच्या कलमांनाही ताण देऊ नये, ती सुकून जातात. फळे वाटाण्याएवढी झाली, की मोठ्या आंब्याचा ताण तोडता येतो. त्या वेळी दर झाडास १५०–२०० लि. पाणी पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा देऊन आळ्यात गवताचे आच्छादन केल्यास फळगळ कमी होते. [→ आंबा].

मोहोर फुटण्यापूर्वी झाडावरील बांडगुळे काढून टाकणे अगत्याचे असते. त्यांच्या चिकट बिया फुलटोच्यासारखे पक्षी फांदीफांदीवर नेतात. बांडगूळ नुसते ओरबाडले, तर त्याची शोषक मुळे लाकडात राहून ते पुन्हा फुटते. म्हणून शक्य तेथे फांदीच चिकटलेल्या जागेच्या बरीच खाली कापतात. वाळलेल्या फांद्या याच वेळी उतरवून कापलेल्या जागी बोर्डोमलम (मोरचूद व कळीचा चुना प्रत्येकी १ किग्रॅ. आणि पाणी १० लि.) लावतात. बुंध्यावर भोक व त्याखाली भुसा दिसला, तर आत भिरूड (खोडकिडा) आहे असे समजून तारेच्या आकड्याने अळी ओढून काढतात. कोंबड्या ती अळी आवडीने खातात. छाटणी व तोड यांत मात्र भेद केला पाहिजे. आंबा, फणस व जांभूळ ही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील झाडे असून ती तोडण्यास परवानगी लागते. नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रांतील वृक्षजतनाचा अधिनियम लागू होतो.

मोहोराचे मुख्य शत्रू म्हणजे तुडतुडे व भुरी. तुडतुडे मोहोरातील रस शोषून मधासारखा चिकट स्राव टाकतात व त्यावर काळी बुरशी वाढते. यास ‘खार पडणे’ म्हणतात. डिसेंबर–जानेवारीत आभाळ भरून आले, की या दोहोंचा व करप्याचा जोर वाढतो. डिसेंबर २०१७ मधील ‘ओखी’ चक्रीवादळाच्या वेळी आणि पुन्हा डिसेंबर २०२१ च्या आरंभी या किनारपट्टीत ऐन हिवाळ्यात पाऊस झाला. अशा वेळी फवारणीचा मोह होतो आणि आंबा व कोंबडी यांचे हितसंबंध येथेच थेट एकमेकांआड येतात. मोठ्या बागायतदाराच्या वेळापत्रकाप्रमाणे कीटकनाशके फवारली, तर त्यांचे थेंब खालच्या गवतावर व पाचोळ्यात पडतात, विषाने मेलेले किडे कोंबड्या वेचून खातात आणि विषाचा अंश अंड्यात उतरू शकतो. फवारणी अटळच असेल, तर कोंबड्या आदल्या रात्रीपासून खुराड्यात कोंडाव्यात, दाणापाणी झाकावे व औषधाच्या वेष्टनावर दिलेली मुदत संपेपर्यंत त्यांना झाडाखाली सोडू नये. पाचदहा झाडांच्या वाडीत मात्र रासायनिक कीटकनाशक टाळणेच शहाणपणाचे ठरते. आतील दाट फांद्या विरळ करून झाडात ऊन व वारा खेळता ठेवणे, तुडतुड्यांसाठी निंबोळी अर्क व भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक (१० लि. पाण्यात २० ग्रॅ.) एवढ्यावर भागवून थोडे नुकसान सोसल्यास अंडी निर्धोक राहतात. मोहोर पूर्ण उमललेला असताना काहीच फवारू नये. आंब्याचे परागण माश्या व मधमाश्या करतात आणि त्या मेल्या, तर वाचलेला मोहोरही वांझ जातो.

बदलापूरच्या जांभळास २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या झाडास हिवाळ्यात फारसे काही करावे लागत नाही. फुलोरा हिवाळ्याच्या अखेरीस बहुधा पाने झडलेल्या जुन्या फांद्यांवर येतो. त्यामुळे आंब्याप्रमाणे त्याची टोके सांभाळायची नसून जुन्या फांद्या राखायच्या असतात. लाकूड ठिसूळ असते व मे-जूनमधील तोडणीच्या वेळी फांदी मोडून माणसे पडतात, म्हणून किडकी व वाळलेली फांदी थंडीतच हेरून उतरविणे हिताचे. बहुतेक जुनी झाडे बियांपासून आपोआप वाढलेली असून प्रत्येकाचे फळ निराळे असते. चांगल्या फळाचे झाड घरबांधणीसाठी तोडले गेले, की तो वाण त्याच्याबरोबर नाहीसा होतो. त्याच्या डोळकाड्यांपासून कलमे करून ठेवणे हाच यावर उपाय आहे. [→ जांभूळ].

कोंबड्या : कोंबडीचे अंडी घालणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. डोळ्यांवाटे व कवटीतून झिरपणाऱ्या प्रकाशामुळे मेंदूतील केंद्रे उद्दीपित होऊन अंडाशयास चालना मिळते. भरपूर अंड्यांसाठी रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. सु. १९° उत्तर अक्षांशावरील या भागात दिवस जूनमध्ये सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अवघा ११ तासांचा असतो. थंडीने कोंबड्या ‘बसतात’ असा समज आहे. पण येथील थंडी त्यांना मुळीच जाचक नसते, कमी पडतो तो उजेड. शिवाय पिसे झडण्याचा काळही बहुधा याच सुमारास येतो व त्या काळात अंडी थांबतात. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींच्या पंधरा-वीस कोंबड्या असतील, तर खुराड्यात पहाटे लहान दिवा लावणे परवडते. उजेड आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवीत न्यावा. संध्याकाळी दिवा लावून तो एकदम मालवल्यास कोंबड्यांना दांडीवर चढता येत नाही, म्हणून पहाटच बरी. वाढीला लागलेल्या तलंगांना मात्र जादा उजेड देऊ नये. त्या अकाली अंड्यावर येतात व पुढे अंडी लहान पडतात. चार देशी कोंबड्यांसाठी हा खटाटोप व्यर्थ होय. वर्षाला साठ-सत्तर अंडी घालणाऱ्या पक्ष्यास हिवाळ्याची विश्रांती लाभूच द्यावी.

देशी कोंबडीचे खरे हिवाळी काम पिले काढण्याचे असते. पावसाळ्यात ओलीने पिले दगावतात, उन्हाळ्यात अंडी नासतात. कार्तिक ते माघ हा काळ दोन्ही दृष्टींनी सुखाचा. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवतात व २१ दिवसांनी पिले निघतात. विकत आणलेल्या एक दिवसाच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सु. ३५° से. ऊब लागते, नंतर ती दर आठवड्यास सु. ३° से. कमी करीत नेतात. पिले दिव्याखाली दाटीने गोळा झाली तर ऊब कमी, कडेला पांगली तर जास्त. तापमापकापेक्षा हीच खूण अधिक भरवशाची आहे. थंडीच्या भयाने खुराड्यास चोहोबाजूंनी गोणपाट लावून ते हवाबंद करणे ही नेहमीची चूक होय. आत कोंडलेल्या दमट हवेत विष्ठेतील अमोनिया साठून डोळे व श्वासनलिका बिघडतात. पडदा वाऱ्याच्या बाजूसच लावून वरची वीतभर जागा उघडी ठेवावी.

मानमोडी (राणीखेत) व देवी या रोगांवरील लसी पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्याव्यात. हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी येतात, तेव्हा बर्ड फ्ल्यूचा धोका असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यातील वेहळोळी येथे हा रोग आढळून कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. म्हणून तळ्याकाठी कोंबड्या चरावयास सोडू नयेत आणि लागोपाठ मरतूक झाल्यास मेलेले पक्षी न विकता, न खाता पशुसंवर्धन खात्यास कळवावे. [→ कुक्कुटपालन].

खत व वणवा : दिवाळीच्या आगेमागे भातकापणी व झोडणी आटोपते, भातगिरण्यांत तूस, कोंडा व कणी मुबलक मिळू लागतात. खुराड्यातील जुने अंथरूण काढून तुसाची चार बोटे जाडीची नवी गादी घालण्यास हा काळ सोयीचा असतो. बाहेर काढलेली विष्ठामिश्रित तुसे समोरच्या आंब्याला घालावीत असे साहजिकच वाटते, परंतु ते टाळले पाहिजे. कोंबडखतात शेणखताच्या कित्येक पट नायट्रोजन असून तो लवकर लागू पडतो. हिवाळ्यात तो मिळाल्यास जमीन कोरडी ठेवून साधलेला ताण फुकट जातो व मोहोराच्या जागी पालवी येते. ताजे खत कोवळी मुळेही जाळते. म्हणून ते पाचोळा व माती यांच्या थरांत खड्ड्यात रचून, अधूनमधून पाणी शिंपडून कुजवितात आणि जूनमध्ये पहिल्या पावसानंतर झाडांच्या आळ्यांत घालतात. थोडे आताच हवे असेल, तर कुजलेले खत भाजीपाल्यास व केळीस द्यावे.

पावसाळ्यात माजलेले गवत मार्गशीर्षापर्यंत वाळून कोळ झालेले असते. डोंगरउतारावरील वणवा, रुळांकाठची ठिणगी किंवा शेजारच्या मोकळ्या भूखंडावर कोणी पेटविलेला कचरा यांमुळे वाडी जळण्याची भीती शिमग्यापर्यंत राहते. गवत हिरवट असतानाच कापून घ्यावे, कुंपणालगत तीन-चार मी. रुंदीचा पट्टा खरवडून जाळरेषा राखावी. कापलेले गवत बुंध्याला टेकवून न रचता आळ्याच्या कडेने पसरावे व बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवावी. खुराडे गवताने शाकारलेले असल्यास ते जाळरेषेच्या आत, विहिरीपासून बादली नेता येईल एवढ्या अंतरावर असावे आणि त्याचे दार रात्री बाहेरून झटकन उघडता येईल असे ठेवावे.